राजकन्येचे लघुचित्र: चेहरा नंतर पाहा, आधी मागची बाजू मागा

प्रश्न असा आला आहे की, एका परदेशी लिलावाच्या यादीत एक लहानसे अंडाकृती चित्र दिसते आणि त्याखाली ‘पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगँझा, हस्तिदंतावरील लघुचित्र, सतरावे शतक, सॅम्युएल कूपर यांच्या शैलीत’ असे वर्णन आहे. मुंबई बेट जिच्या विवाहकरारात इंग्रजांकडे गेले तीच ही राजकन्या असल्यामुळे चित्राविषयी ओढ वाटते, तर या वर्णनावर किती विश्वास ठेवावा आणि अशा चित्राची पारख नेमकी कशी करावी?

वर्णनातच दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात, त्यामुळे उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. हस्तिदंताच्या पातळ चकतीवर जलरंगाने व्यक्तिचित्र काढण्याची पद्धत व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या चित्रकर्तीने सन १७०० च्या सुमारास रूढ केली आणि लंडनमध्ये ती बर्नार्ड लेन्स याच्या हातून अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोहोचली. सॅम्युएल कूपर हा इंग्रज लघुचित्रकार १६७२ साली वारला. म्हणजे चित्र खरोखर हस्तिदंतावर असेल, तर ते कूपरच्या हयातीतले नाही आणि इंग्लंडमध्ये काढलेले असेल तर सतराव्या शतकातलेही नाही. दुसरे म्हणजे लिलावाच्या परिभाषेत ‘शैलीत’ हा शब्द साधा नसतो. चित्रकाराचे नुसते नाव, ‘त्याचे मानले जाणारे’, ‘त्याच्या कार्यशाळेतील’, ‘त्याच्या वर्तुळातील’, ‘त्याच्या अनुयायाचे’ आणि शेवटी ‘त्याच्या शैलीत’ अशी ही उतरती भाजणी असते. शेवटच्या पायरीचा अर्थ बहुतेक लिलावगृहे आपल्या अटींच्या पानावर ‘शैली त्या चित्रकाराची, पण काम नंतरच्या काळाचे’ असाच देतात. अटींचे ते पान कोणी वाचत नाही, यावरच पुष्कळ व्यवहार चालतात.

तरीही चित्र टाकाऊ ठरत नाही. जुन्या चित्रावरून अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकात केलेली चांगली नक्कल असू शकते आणि तशी नक्कल अभ्यासाच्या दृष्टीने मोलाची असू शकते. फक्त तिची किंमत नकलेची असली पाहिजे. आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो, कारण खरे सतराव्या शतकातले काम हातात आले तर ते कसे दिसेल हे कळल्याशिवाय पारख शक्य नाही.

त्या काळच्या इंग्रजी लघुचित्राचा आधार म्हणजे वासराच्या कातड्यापासून केलेले अत्यंत पातळ, गुळगुळीत चर्मपत्र. ते खळीने पुठ्ठ्यावर चिकटवीत आणि पुठ्ठा म्हणून बहुधा खेळण्याचा पत्ता वापरीत, कारण तो टणक, सपाट आणि सहज मिळणारा असे. त्यामुळे खऱ्या चित्राच्या पाठीवर कधी कधी बदाम किंवा इस्पिकाच्या खुणा दिसतात. येथे एक उपयुक्त तपशील लक्षात ठेवावा: त्या काळच्या पत्त्यांची मागची बाजू कोरी असे, त्यामुळे पाठीवर छापील नक्षीचा पत्ता निघाला तर तो नंतरच्या काळातला समजावा आणि चित्राकडेही संशयाने पाहावे.

चर्मपत्र तयार झाले की चेहऱ्याच्या जागी त्वचेच्या रंगाचा एक सपाट, अपारदर्शक हात देत. चित्रकार असे वेगवेगळ्या कांतीचे अनेक पत्ते आधीच तयार ठेवी आणि व्यक्ती समोर बसली की तिच्या चेहऱ्याशी जुळणारा पत्ता निवडून काम सुरू करी. एडवर्ड नॉर्गेटने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात या कलेवर लिहिलेल्या पुस्तिकेत साधारण तीन बैठकींची रीत सांगितली आहे. पहिल्या बैठकीत चेहऱ्याची ठेवण आणि मुख्य रंग, दुसऱ्या आणि सर्वांत लांबलेल्या बैठकीत छटा व बारकावे, तिसरीत साम्य नेटके करणे आणि सावल्यांना खोली देणे. कपडे, दागिने आणि पार्श्वभूमी यांसाठी व्यक्तीने समोर बसण्याची गरज नसे. रंग बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात कालवून शिंपल्यांत ठेवलेले असत आणि कुंचले खारीच्या केसांचे असत. सफेदा, हिंगूळ, शेंदूर, लाजवर्द, काजळी आणि किरमिजी ही रंगांची यादी पाहिली तर आपल्याकडच्या पोथीचित्रकाराला तीत परके असे फार काही वाटले नसते. सोन्याचांदीचा वर्ख वाटून त्याचा रंग करीत आणि वाळल्यावर लहान प्राण्याच्या सुळ्याने घोटून त्याला झळाळी आणीत.

या शेवटच्या गोष्टीतून पारखीची एक खूण मिळते. निकोलस हिलियर्ड आणि त्याच्या परंपरेतले चित्रकार मोत्यांवरचा चमकणारा ठिपका खऱ्या चांदीने देत. चांदी हवेने काळी पडते, म्हणून आज त्या मोत्यांवर प्रकाशाच्या जागी काळे ठिपके दिसतात. नवशिक्या नकलाकाराच्या हातून ही गंमत होते की तो समोरचे जुने चित्र पाहून काळे ठिपके काळ्या रंगानेच काढतो. भिंगाखाली काळवंडलेली चांदी आणि काजळीचा काळा रंग यांतला फरक तत्काळ कळतो.

शतकाच्या आतही काळ ओळखता येतो. सन १६०० ते १६१५ च्या दरम्यानच्या कामात निळी सपाट पार्श्वभूमी किंवा लाल पडदा, कडेने सोनेरी अक्षरे, जवळजवळ सावलीविना चेहरा आणि जाळीच्या कॉलरवर पांढऱ्या रंगाचे उठावदार ठिपके आढळतात; जेम्स पहिला याची मुलगी एलिझाबेथ हिची हिलियर्ड व आयझॅक ऑलिव्हर यांच्या हातची चित्रे याच काळातली, कारण ती १६१३ मध्ये पॅलेटाइनच्या फ्रेडरिकशी लग्न करून जर्मनीत गेली. १६३० नंतर जॉन हॉस्किन्सच्या कामात व्हॅन डाइकच्या मोठ्या तैलचित्रांचा प्रभाव येतो, रेशमी वस्त्रे सैलावतात आणि मागे मोकळे आकाश दिसू लागते. हॉस्किन्सचा भाचा सॅम्युएल कूपर हा या परंपरेचा कळस.

कूपरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खोटी सही सर्वाधिक याच्याच नावाने केली जाते. त्याने राजेशाही उलथवणाऱ्या क्रॉमवेललाही रंगवले आणि राजेशाही परत आल्यावर दुसऱ्या चार्ल्सलाही. १६६३ मध्ये तो वर्षाला २०० पौंड वेतनावर राजाचा लघुचित्रकार झाला. जानेवारी १६६२ मध्ये नव्या नाण्यांसाठी राजाचा चेहरा रेखाटताना त्याने रात्रीची वेळ आणि मेणबत्तीचा उजेड मुद्दाम निवडला होता, कारण त्यात सावल्या अधिक नीट सापडतात; ती मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या जॉन इव्हलिनने हे आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे. हीच कूपरची ओळख आहे. प्रकाश एका बाजूने येतो, दुसरा गाल सावलीत बुडतो आणि ही सावली लालसर तपकिरी रंगाच्या बारीक, मोकळ्या फटकाऱ्यांनी बांधलेली असते. नंतरच्या शतकांतल्या नकला सावलीच्या जागी ठिपक्यांचे गुळगुळीत काम करतात, कारण हस्तिदंताचा पृष्ठभाग तेच मागतो. कूपरचा चेहरा भिंगाखाली खडबडीत दिसतो आणि हातभर अंतरावरून जिवंत होतो. नकलेत बहुधा याच्या उलट घडते.

त्याच्या कामाची किंमतही ठाऊक आहे. १६६८ मध्ये लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने आपल्या पत्नीचे लघुचित्र त्याच्याकडून करून घेतले तेव्हा चित्राचे ३० पौंड आणि वरची काच व सोन्याची डबी यांचे ८ पौंड ३ शिलिंग ४ पेन्स पडले. पीप्सला काम अप्रतिम वाटले, पण साम्याबाबत त्याचे पूर्ण समाधान झाले नाही. साम्य हा किती निसरडा पुरावा आहे हे यावरून कळते: जिवंत पत्नी घरात असताना नवऱ्याला जे पटले नाही, ते साडेतीनशे वर्षांनी आपण नुसत्या चेहऱ्यावरून कसे ठरवणार?

आता खुद्द कॅथरीन. तिचा जन्म २५ नोव्हेंबर १६३८ रोजी व्हिला व्हिसोझा येथे झाला. जून १६६१ च्या करारानुसार मोरोक्कोतले टँजियर, मुंबई आणि वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) अशा आंदणासह तिचा दुसऱ्या चार्ल्सशी विवाह ठरला आणि २१ मे १६६२ रोजी पोर्टस्मथला तो लागला. मुंबई मात्र लग्नासोबत हाती पडली नाही. करारात नेमका किती प्रदेश दिला यावर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी वाद घातला, इंग्रजांना ताबा फेब्रुवारी १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने ते बेट वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. हा इतिहास आपल्याला जवळचा असल्यामुळेच तिचे नाव लिहिलेल्या चित्राला आपल्याकडे सहज ग्राहक मिळेल, आणि म्हणून नावाचीच तपासणी अधिक कठोरपणे करावी.

तारखांचा एक सरळ उपयोग होतो. कॅथरीन मे १६६२ पूर्वी इंग्लंडमध्ये नव्हती आणि लग्नानंतर ती राणी झाली. त्यामुळे ‘राजकन्या कॅथरीन, १६६०, चित्रकार कूपर’ असे लेबल असेल तर ते प्रत्यक्ष पाहून काढलेले चित्र असू शकत नाही. लग्नाआधीची तिची प्रतिमा पाहायची तर लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतले, डर्क स्टूपच्या नावाशी जोडलेले तैलचित्र पाहावे. त्यात ती पोर्तुगीज थाटात आहे, केस बाजूला रुंद पसरलेले आहेत आणि घागरा आतल्या सांगाड्याने फुगवलेला आहे. हाच वेश तिने इंग्लंडमध्ये आणला तेव्हा इव्हलिनने त्यावर नाक मुरडले होते. थोड्याच काळात तिने इंग्रजी पेहराव स्वीकारला. मोकळ्या गळ्याचा इंग्रजी झगा घातलेली ‘लग्नाआधीची पोर्तुगीज राजकन्या’ दाखवली गेली, तर दोहोंपैकी एक चुकीचे आहे.

कूपरने प्रत्यक्ष पाहून काढलेले कॅथरीनचे लघुचित्र ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे आणि ते अपूर्ण आहे. १६६२ च्या सुमाराचे हे काम चर्मपत्रावर असून सुमारे १२ सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे लॉकेटमध्ये बसणाऱ्या नेहमीच्या चित्राच्या जवळपास दुप्पट. चेहरा पूर्ण झालेला आहे आणि वस्त्र जेमतेम रेखाटून सोडले आहे. याच संग्रहात बार्बरा व्हिलियर्स, फ्रान्सेस स्टुअर्ट, मॉन्मथचा ड्यूक आणि जनरल मंक यांची कूपरने अशीच अर्धवट सोडलेली मोठी चित्रे आहेत. ती अर्धवट राहण्यामागे आळस नाही, व्यवहार आहे. दरबारातल्या माणसाला पुन्हा पुन्हा बसायला वेळ नसे आणि त्याच्या प्रतिमेची मागणी मात्र सतत असे, म्हणून चित्रकार चेहऱ्याचा एक अस्सल नमुना स्वतःजवळ ठेवी आणि त्यावरून मागणीप्रमाणे लहान प्रती तयार करी. माझ्या मते लघुचित्रांची पारख शिकणाऱ्याने चकचकीत पूर्ण चित्रांऐवजी आधी हीच अपूर्ण चित्रे पाहावीत, कारण त्वचेचा पहिला हात, त्यावरचे फटकारे आणि कोरे चर्मपत्र असे तिन्ही टप्पे त्यांत शेजारी शेजारी उघडे दिसतात.

एकाच नमुन्यावरून अनेक प्रती निघत असल्यामुळे ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ यांच्या मध्ये एक विस्तीर्ण पट्टा असतो. कूपरने स्वतः केलेली दुसरी प्रत, त्याच्या शिष्यवर्तुळातल्या कोणी त्याच काळात केलेली प्रत आणि शंभर वर्षांनंतरची प्रत या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. सुझाना पेनेलोपी रॉस ही चित्रकर्ती कूपरच्या कामांचा बारकाईने अभ्यास करून त्यांच्या प्रती काढी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला लघुचित्रांचा एक छोटा संच बराच काळ ‘कूपरचे खिशातले पुस्तक’ म्हणून ओळखला जात होता. त्यातली कामे आता तिची मानली जातात. कुशल समकालीन हातापुढे तज्ज्ञही फसू शकतात, याला भारतातलाही पुरावा आहे. १६१६ मध्ये अजमेरला इंग्रज राजदूत सर थॉमस रो याने आपल्याजवळचे एक लघुचित्र जहांगीरला दाखवले. बादशहाच्या चित्रकारांनी त्याच्या अशा प्रती केल्या की मेणबत्तीच्या उजेडात समोर मांडल्यावर आपले मूळ चित्र ओळखताना खुद्द मालकाला क्षणभर अडखळावे लागले. रो ही गोष्ट स्वतःच लिहून ठेवतो, आणि आधी आपण नक्कल अशक्य म्हणालो होतो हेही लपवत नाही.

इंग्लंडबाहेरच्या राजकन्यांची चित्रे वेगळ्या आधारांवरही मिळतात, त्यामुळे चर्मपत्र नाही म्हणजे खोटे, असा निष्कर्ष काढू नये. फ्रान्समध्ये १६३० नंतर सोन्याच्या पत्र्यावर मीनाकामाने व्यक्तिचित्रे होऊ लागली. जिनिव्हाचा जाँ पेतितो हा त्यातला श्रेष्ठ कारागीर, ज्याने आधी पहिल्या चार्ल्ससाठी आणि पुढे चौदाव्या लुईसाठी काम केले. मीनाकामाचा रंग भट्टीत भाजलेला असल्याने तो उडत नाही, पण आपटल्यास टवका निघतो. नेदरलँड्स आणि इतरत्र तांब्याच्या पत्र्यावर तैलरंगात लहान चित्रे होत. सॅम्युएलचा भाऊ अलेक्झांडर कूपर याने हेग येथे बोहेमियाच्या राणीच्या कुटुंबासाठी आणि नंतर स्वीडनच्या क्रिस्तिना राणीच्या दरबारी काम केले. लघुचित्रकार अशा रीतीने दरबारांमधून फिरत असल्यामुळे केवळ शैलीवरून देश ठरवणे धोक्याचे आहे.

व्यक्तीची ओळख हा सर्वांत कच्चा दुवा असतो. पाठीवरच्या कागदावरील नाव बहुधा नंतरच्या मालकाने किंवा विक्रेत्याने लिहिलेले असते आणि अनोळखी स्त्री नेहमी राणीकडे किंवा राजाच्या प्रेयसीकडे सरकते. दुसऱ्या चार्ल्सची प्रेयसी असलेली नटी नेल ग्विन हिच्या नावाने जितकी चित्रे फिरतात, तितक्या वेळा ती बसली असती तर तिला रंगमंचावर जायला सवड मिळाली नसती. त्यामुळे नाव मान्य करण्यासाठी तीनपैकी निदान दोन आधार जुळायला हवेत, असा माझा नियम आहे: निश्चित ओळख असलेल्या दुसऱ्या चित्राशी किंवा कोरीव प्रतिमेशी चेहऱ्याची ठेवण, काळाशी जुळणारा पेहराव व केशरचना, आणि चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याची लेखी साखळी. काळे डोळे आणि काळे केस एवढ्यावर कॅथरीन ठरत नाही.

तपासणीत विक्रेत्याकडे पहिली मागणी मागच्या बाजूच्या आणि तिरप्या उजेडात घेतलेल्या पुढच्या बाजूच्या छायाचित्राची करावी. तिरप्या उजेडात हस्तिदंताच्या समांतर रेषा उठून दिसतात आणि जुने हस्तिदंत त्याच रेषांच्या दिशेने वाकते किंवा तडकते. चर्मपत्राला असा दाणा नसतो. ते कडेने पुठ्ठ्यापासून सुटते आणि क्वचित त्यावर केसांच्या मुळांचे बारीक छिद्रठसे दिसतात. रंगांची शास्त्रीय तपासणी करता आली तर काही रंग थेट साक्ष देतात. प्रशियन निळा १७०४ नंतरचा आहे, जस्ताचा पांढरा जलरंग म्हणून १८३४ पासून विकला जाऊ लागला आणि टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकातला आहे. अतिनील प्रकाशात जस्ताचा पांढरा पिवळसर हिरवा चमकतो, त्यामुळे संशय येण्यासाठी एक साधा दिवाही पुरतो. अर्थात असा रंग दुरुस्तीतूनही आलेला असू शकतो, म्हणून तो चेहऱ्याच्या मूळ थरात आहे की वरच्या डागडुजीत, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. चौकट हा पुरावाच नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पियानोच्या पट्ट्यांचे हस्तिदंत जोडून केलेल्या चौकटींत सजावटीची लघुचित्रे मोठ्या प्रमाणावर विकली गेली आणि त्यांतल्या कित्येकांवर जुन्या नामांकित चित्रकारांच्या सह्या आहेत.

खरेदी करून आणण्याचा विचार असेल तर हस्तिदंत हा कायद्याचाही प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय करारामुळे त्याच्या सीमापार वाहतुकीवर कडक बंधने आहेत आणि भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो. वस्तू जुनी आहे एवढे तोंडी सांगून ती सीमाशुल्क खात्यातून सुटत नाही. शिवाय १०० वर्षांहून जुने चित्र भारतात आले की पुरावस्तूंचा १९७२ चा कायदाही विचारात घ्यावा लागतो आणि ते पुढे परदेशी विकणे खासगी व्यक्तीला शक्य होत नाही. बोली लावण्यापूर्वी या दोन्ही बाबतींत वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा.

चर्मपत्रावरचे खरे जुने लघुचित्र घरात आले, तर मुंबई-कोकणाचा पावसाळा हा त्याचा पहिला शत्रू ठरतो. चर्मपत्र दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, डिंकावर बुरशी पोसते, आणि जुन्या काचेतून कधी कधी क्षारयुक्त ओलावा पाझरून थेंब चित्रावर उतरतात. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी आणि प्रकाश ५० लक्सपेक्षा जास्त नसावा, कारण गालावरचा किरमिजी रंग सर्वांत आधी उडतो आणि मग राजकन्या आजारी दिसू लागते. डबी स्वतः उघडू नये. चित्रावरची धूळ ओल्या बोटाने किंवा कापडाने पुसणे तर कटाक्षाने टाळावे, कारण डिंक पाण्यात विरघळतो आणि चेहरा कापडावर उतरतो. काचेच्या आत धुके किंवा थेंब दिसले, तर डबी सपाट ठेवून ती तशीच कागद व लघुचित्रांच्या संवर्धकाकडे न्यावी.

तुमच्या पुढ्यातल्या चित्रापुरते सांगायचे तर यादीतले वर्णन खरे धरल्यास ते १७०० नंतरचे, कूपरच्या परंपरेतले आणि कॅथरीनचे नाव नंतर चिकटलेले चित्र ठरते. मागच्या बाजूच्या छायाचित्रात हस्तिदंताऐवजी चर्मपत्र आणि कोऱ्या पाठीचा पत्ता निघाला, तर यादी करणाऱ्यानेच चूक केली आहे आणि तेव्हा बोली लावण्याआधी चित्र प्रत्यक्ष तपासून घेण्याइतका खर्च जरूर करावा.